पंधरा दिवसांत इंग्रजी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या वहिनी आपल्या भाचीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी सातारा जिल्ह्यातली. परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून दोन वर्षे तालुक्याच्या गावी एका लहानशा दवाखान्यात काम केलेली. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिने अर्ज केला होता आणि मुलाखत सोळा दिवसांवर येऊन ठेपली होती. तेथे परप्रांतांतले आणि परदेशांतलेही रुग्ण येतात, सबब मुलाखत इंग्रजीत होईल, एवढे तिला कळविण्यात आले होते. "काका, सगळं व्याकरण शिकायला आता वेळ नाही," ती म्हणाली, "पंधरा दिवसांत जमेल असं झटपट काहीतरी सांगा."

आम्ही बत्तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकविले. 'झटपट' या शब्दाविषयी त्या काळात मनात जी अढी बसली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. पदपथावर मांडलेली 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' छापाची पुस्तके पाहून आम्ही आजवर नाक मुरडीतच आलो. परंतु समोर बसलेल्या मुलीला आमच्या अढीशी काय कर्तव्य? तिला नोकरी हवी होती. आम्ही कपाटातून एक कोरी वही काढली आणि तिच्यावर तारीख घातली.

पंधरा दिवसांत सगळे इंग्रजी शिकविता येत नाही, हे उघड आहे. पण मराठी माणूस इंग्रजी बोलताना ज्या दहा-बारा ठिकाणी हमखास ठेचकाळतो, तेवढी ठिकाणे दाखवून देता येतात. आमच्या अनुभवाने आम्हांस एक गोष्ट शिकविली आहे. या चुका अडाणीपणाच्या नसतात. त्यांतली बहुतेक प्रत्येक चूक मराठीच्या एखाद्या शहाणपणातून निघालेली असते. माणूस आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळतो आणि परक्या भाषेत गुन्हेगार ठरतो. म्हणून वहीच्या डाव्या पानावर मराठी काय करते ते लिहायचे आणि उजव्या पानावर इंग्रजी काय करते ते, असे आम्ही ठरविले.

पहिले पान 'पासून'चे. मराठीत सोमवारपासून ताप येतो आणि तीन दिवसांपासूनही ताप येतो. 'पासून' दोहोंना पुरतो. इंग्रजीने मात्र येथे दोन भांडी ठेवली आहेत. काळातला बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि काळाची लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. सोमवार, सकाळी आठ, गेला महिना हे बिंदू. तीन दिवस, दोन तास, पंधरवडा ही लांबी. तेव्हा 'सिन्स मंडे' बरोबर आणि 'सिन्स थ्री डेज' चूक. रुग्णाची हकीकत सांगताना हे वाक्य दिवसातून वीस वेळा लागते, म्हणून ते पहिले.

दुसरे पान भूतकाळाचे. 'तो गेला नाही' या वाक्यात भूतकाळ 'गेला'त असतो, 'नाही' बिचारे कोणत्याच काळाचे नसते. त्यामुळे आपण 'गेला'चे 'वेंट' करतो आणि 'ही डिड नॉट वेंट' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत 'डिड' आला की भूतकाळाचे ओझे त्याने उचलले. मागच्या क्रियापदाने हात हलवीत चालावे. एका ओझ्याला दोन हमाल लावू नयेत, असे आम्ही वहीत लिहून दिले. 'डिड नॉट गो', 'डिड नॉट ईट', 'डिड नॉट स्लीप'. हे तिला लगेच पटले. रात्रपाळीच्या नोंदवहीत हीच तीन वाक्ये असतात, असे ती म्हणाली.

तिसरे पान त्याच्याच शेजारचे. मराठीत 'मी त्यांना काल गोळी दिली आहे' हे वाक्य निर्दोष आहे. 'काल' आणि 'आहे' आपल्याकडे एका घरात सुखाने नांदतात. इंग्रजीत त्यांचे पटत नाही. 'यस्टरडे' किंवा 'अ‍ॅट एट ओक्लॉक' असा मागचा ठराविक वेळ वाक्यात आला की 'हॅव्ह'ने बाहेर पडावे. वेळ सांगायची नसेल, गोळी पोटात गेली आहे एवढेच महत्त्वाचे असेल, तर 'हॅव्ह'ला बोलवावे.

चौथे पान 'आहे'चे. आपल्या 'आहे'चा पसारा फार मोठा. मला दोन भाऊ आहेत, माझ्याजवळ थर्मामीटर आहे, रुग्णाला ताप आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत. नाते, व्याधी आणि अवयव यांच्यासाठी मराठीने 'ला'ची रचना केली आणि वस्तूसाठी 'जवळ'ची. इंग्रजीने या चौघांना 'हॅव्ह'च्या एकाच दावणीला बांधले. शिवाय मला माहीत आहे, मला समजते आहे, मला पटते आहे, असा 'आहे' आपल्या जिभेवर सदैव असल्यामुळे इंग्रजी क्रियापदालाही आपण 'आयएनजी'चे शेपूट लावून टाकतो. 'आय अ‍ॅम नोइंग', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स'. यासाठी आमचा तोडगा असा, की ज्या क्रियेचे छायाचित्र काढता येते तिलाच ते शेपूट लावावे. धावणे, बोलणे, पट्टी बांधणे यांचे छायाचित्र निघते. माहीत असणे, पटणे, भाऊ असणे यांचे निघत नाही. अपवाद आहेत, पण अपवाद पंधरा दिवसांनंतर.

पाचवे पान आमच्या विशेष आवडीचे, कारण तेथे देवनागरीचा उपयोग होतो. 'अ' केव्हा आणि 'अ‍ॅन' केव्हा, याचा नियम शाळेत 'ए, ई, आय, ओ, यू' या पाच अक्षरांवर बेतून शिकवितात आणि तेथेच घात होतो, कारण हा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. इंग्रजी लिपी उच्चार लपविते, देवनागरी तो उघड करते. म्हणून तो शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहावा. स्वराने सुरू झाला तर 'अ‍ॅन', व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. एक्स-रे, एमआरआय, ईसीजी, अवर हे सगळे स्वराचे. तेव्हा 'अ‍ॅन एक्स-रे', 'अ‍ॅन अवर'. युनिट, युनिफॉर्म, युरिन टेस्ट यांच्या आरंभी 'य' उभा आहे. तेव्हा 'अ युनिट ऑफ ब्लड'. ज्या मराठी माध्यमाची तिला आजवर लाज वाटत होती, त्या माध्यमाने हे पान तिला फुकट दिले होते.

'द' हे सर्वांत कठीण पान. मराठीत 'द' नाही, असे सगळे सांगतात. पण 'मुलगी पाहायला गेले' आणि 'मुलीला पाहायला गेले' यांतला फरक कोणत्याही मराठी माणसास विचारून पाहा. पहिल्यात कांदेपोहे आहेत, मुलगी अजून कोणतीही असू शकते. दुसऱ्यात मुलगी कोण ते बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. कदाचित ती आजारी आहे. 'सिस्टर बोलवा' आणि 'सिस्टरना बोलवा' हे तसेच. म्हणजे 'द'चे काम मराठीत कधीकधी 'ला' आणि 'ना' करतात. दोघांनाही 'तीच ती' हे ठाऊक असेल तेथे 'द' लावावा, एवढे पुरे. ते प्रत्येक वेळी साधेलच असे नाही. आम्हांसही साधत नाही.

शब्दसंग्रहाची पाने आम्ही मागच्या बाजूने सुरू केली. येथेही मराठीचा आधार मिळतो. आपण बोलताना हाड म्हणतो, पण पाटीवर अस्थिरोगतज्ज्ञ लिहितो. दात दुखतो, उपचार दंतवैद्य करतो. डोळा आला तर नेत्ररुग्णालयात जातो. घरातला साधा शब्द आणि पाटीवरचा तत्सम ही जोडी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. इंग्रजीतही नेमके हेच आहे. घरातला 'हार्ट' पाटीवर लॅटिन-ग्रीकचा झगा घालून 'कार्डिअ‍ॅक' होतो, 'किडनी'चे 'रीनल' होते, 'लंग'चे 'पल्मनरी' आणि 'टूथ'चे 'डेंटल'. डॉक्टरांशी बोलताना पाटीवरचा शब्द आणि रुग्णाशी बोलताना घरातला, असा साधा हिशेब. तिला पाटीवरचे शब्द सगळे पाठ होते. घरातलेच येत नव्हते. आमच्या शिक्षणाची ही एक गंमत आहे.

त्यातही शरीराच्या अवयवांनी तिला फार हसविले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या सख्ख्या नात्याविषयी जे प्रतिपादन केले, त्याचा आम्ही येथे झटपट उपयोग करून घेतला. नोज म्हणजे नासिका, नेल म्हणजे नख, ब्राऊ म्हणजे भ्रू, फुट म्हणजे पाद, हार्ट म्हणजे हृदय. ही भाषांतरे नव्हेत, हे एकाच कुळातले भाऊबंद आहेत. गुडघ्याला संस्कृतात जानु म्हणतात. इंग्रजी 'नी'च्या आरंभी जो एक मुका 'के' लिहितात, तो पूर्वी इंग्लंडात उच्चारला जात असे, आणि तो 'के' म्हणजेच आपल्या 'जानु'तला 'ज' होय. कुळ एक असले तरी आवाज बदलत गेले. मुक्या अक्षरांचा तिला वर्षानुवर्षे राग होता. त्यांतले एक अक्षर नात्यातले निघाले.

याखेरीज काही सुट्या सूचना. शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यासकट करावा. मराठीत हाक मारतात, गप्पा मारतात, फेरी मारतात, उडी मारतात. यांत मार कोणालाच बसत नाही. इंग्रजीत तसा 'टेक' आहे. 'टेक अ पल्स', 'टेक अ सीट', 'टेक केअर'. तेव्हा 'गोळी खा'चे 'ईट द टॅब्लेट' न करता 'टेक' म्हणावे. 'व्हेअर इज इट पेनिंग?' असे न विचारता 'व्हेअर डझ इट हर्ट?' असे विचारावे. 'आजच'मधल्या 'च'साठी 'टुडे ओन्ली' म्हणण्याचा मोह आवरावा. इंग्रज तो 'च' शब्दाने नव्हे, आवाजाच्या जोराने दाखवितो. आणि 'मी अमुक साली पास आउट झाले' हे परदेशी रुग्णासमोर म्हणू नये, कारण तिकडे त्याचा पहिला अर्थ 'मी बेशुद्ध पडले' असा घेतला जातो. परिचारिकेने तर मुळीच म्हणू नये.

अशी नऊ दिवसांत वही जवळजवळ भरली. आम्ही स्वतःवर खूश होतो. दहाव्या दिवशी आम्ही तिला म्हटले, आता पाच मिनिटे आपली माहिती इंग्रजीत सांग. ती उभी राहिली. 'आय' म्हणाली आणि थांबली. पुन्हा 'आय हॅव्ह' म्हणाली आणि आमच्या तोंडाकडे पाहू लागली. पहिल्या दिवशी हीच मुलगी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण न थांबता, आपल्या दवाखान्याविषयी बोलली होती. त्या बोलण्यात आम्ही मनाशी सतरा चुका मोजल्या होत्या. आज एकही चूक नव्हती, कारण वाक्यच नव्हते. प्रत्येक शब्दाच्या दाराशी आमचा एकेक नियम दंडुका घेऊन उभा होता.

ती घरी गेल्यावर आम्ही बराच वेळ त्या वहीकडे पाहत बसलो. ते तोंडाकडे पाहणे आमच्या ओळखीचे होते.

१९७८ साली आम्ही पुण्यात वसतिगृहात राहून इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करीत होतो. आमचे वडील, अण्णा, कऱ्हाडास एका कचेरीत कारकून होते. मॅट्रिकपर्यंतचे त्यांचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले. पुढे कचेरीच्या मसुद्यांनी त्याला जी काही शिस्त लावली तेवढीच. एरवी ते आम्हांस मराठीत पोस्टकार्ड लिहीत. त्या वर्षी एकदा मात्र त्यांनी आंतरदेशीय पत्र पाठविले आणि ते सबंध इंग्रजीत होते. मुलगा इंग्रजीचा अभ्यास करतो आहे, त्याला बरे वाटेल, असे त्यांच्या मनात आले असावे.

आम्ही त्या वेळी रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण कोळून प्यायलो होतो आणि त्या वयात जी एक घमेंड असते ती आमच्यात पुरेपूर होती. आम्ही लाल शाईचे पेन घेतले, पत्रातल्या अकरा चुका अधोरेखित केल्या, समासात दुरुस्त्या लिहिल्या आणि ते पत्र लिफाफ्यात घालून अण्णांना परत पाठविले. वाईट हेतू नव्हता, असे आम्ही इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. त्यानंतर अण्णांनी आम्हांस इंग्रजीत एक ओळ लिहिली नाही. पुढे आमचे परदेशी पाहुणे घरी आले तेव्हाही ते नमस्कार करून आत निघून गेले. आम्ही हाक मारली तेव्हा त्यांनी दारातून वळून आमच्या तोंडाकडे पाहिले; बोलले नाहीत.

अण्णा २००४ साली गेले. त्यांची पुस्तके आवरताना पाठमालेच्या दुसऱ्या भागात ते पत्र सापडले. शेजारी एक चौकोनी कागद होता. त्यावर पेन्सिलीने आमच्या दुरुस्त्या उतरवून काढल्या होत्या, शाळेत शुद्धलेखन लिहितात तशा, प्रत्येक पाच पाच वेळा. 'फॉर फिफ्टीन डेज' पाच वेळा. 'डू द नीडफुल' हा शब्दप्रयोग मात्र एकदाच लिहून पुढची जागा कोरी सोडली होती, कारण तो आम्ही नुसताच खोडला होता आणि समासात 'असे इंग्रजी नसते' असा शेरा मारला होता. तो शेरा खोटा होता. 'डू द नीडफुल' हे एके काळी इंग्लंडातलेच चांगले चालते इंग्रजी होते. तिकडे ते मागे पडले आणि इकडच्या कचेऱ्यांनी ते जपले. अण्णांची चूक एवढीच की ते जुने इंग्रजी बोलत होते. आमची चूक ही की आम्हांस ते ठाऊक नव्हते.

पण खरी गोष्ट याहून निराळी आहे आणि ती त्या दिवशी, सव्वीस वर्षांनंतर, आमच्या ध्यानात आली. आम्ही ते पत्र पुन्हा वाचले; खरे म्हणजे पहिल्यांदाच वाचले. त्यात लिहिले होते की तुझी आई पंधरा दिवसांपासून खोकल्याने हैराण आहे, इथल्या वैद्यांचा गुण येत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेले एक औषध इथे मिळत नाही, पुण्यात मिळाले तर पाठवावे आणि 'डू द नीडफुल'. आम्ही 'सिन्स फिफ्टीन डेज'खाली लाल रेघ ओढली होती. आई खोकते आहे, हे आम्ही वाचले नव्हते. औषध आम्ही पाठविले नाही. आई पुढे बरी झाली, त्याचे श्रेय कोणाचे ते ठाऊक नाही. आमचे नव्हे हे नक्की.

असो.

अकराव्या दिवशी ती मुलगी आली तेव्हा आम्ही वही कपाटात ठेवून दिली होती. तिला बसविले आणि आज इंग्रजीला काय काय येत नाही ते पाहू, असे म्हटले. 'परवा' म्हणायला इंग्रजीत आज प्रचलित असा एक शब्द नाही. होता, तो त्यांनी हरवला. 'ही कितवी बाटली?' हा वॉर्डातला साधा प्रश्न सरळ इंग्रजीत विचारताच येत नाही, वळसा घालावा लागतो. 'मला हे आवडते' या वाक्यात आपण 'हे'ला कर्ता करतो आणि स्वतः 'मला' होऊन बाजूला बसतो. जुन्या इंग्रजीत 'लाइक'चीही अशीच रीत होती, त्या क्रियापदाचा अर्थच 'आवडून घेणे' नसून 'आवडणे' असा होता. पुढे त्यांनी ती मोडली. आणि 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक त्यांना करता येत नाही. 'वी' एकच. डॉक्टर 'वी' म्हणाले तर त्यात रुग्ण धरला की वगळला, हे इंग्रजी ऐकून कळत नाही. "म्हणजे त्यांचीपण पंचाईत होते तर!" ती म्हणाली. त्या दिवशी ती प्रथमच मोकळी हसली.

मग आम्ही रुग्ण झालो. आरामखुर्चीत आडवे पडून कण्हू लागलो आणि तिने आमची विचारपूस इंग्रजीत करायची, असा पाच दिवस क्रम ठेवला. नियम एकच: मध्ये थांबायचे नाही. चूक झाली तर रुग्ण मरत नाही, गप्प बसलीस तर मरू शकतो. वहीतल्या नियमांपैकी तीनच बाहेर ठेवले. 'सिन्स' आणि 'फॉर', 'डिड'चे ओझे आणि 'व्हेअर डझ इट हर्ट'. बाकीचे तिच्या चुकांनी आपोआप बाहेर काढले तर काढले. ती बोलत असताना आम्ही दुरुस्ती करीत नव्हतो. संपल्यावर तेच वाक्य आम्ही आमच्या उत्तरात बरोबर करून म्हणत असू. तिने 'यू आर हॅविंग फीवर?' असे विचारले की आम्ही कण्हत म्हणावे, 'येस, आय हॅव्ह अ फीवर.' चौथ्या दिवशी आम्ही काही न सांगता तिच्या तोंडून 'डू यू हॅव्ह' आले. आई मुलाला मराठी शिकविते ती अशीच शिकविते. मूल 'मी पडली' म्हणाले तर 'पडलास होय रे, कुठे लागलं?' असे विचारते. दुरुस्ती होते, पण विचारपूस आधी होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे आम्ही किती वर्गांत केले, याचा हिशेब काढण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

यावरून व्याकरणाचे नियम निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमची ती वही चांगली आहे, असे आम्हांस आजही वाटते, आणि वरच्या पानांतले एखादे वाचकांपैकी कोणाच्या उपयोगी पडले तर आनंदच होईल. शिवाय नोकरी देणारे चुका मोजतात, हे खोटे नाही. चुका करणारा गरिबाचा असेल तर जरा अधिकच मोजतात. अशा जगात नियम न सांगता मुलीला पाठविणे हा दुसरा निष्ठुरपणा झाला असता. प्रश्न नियम सांगावा की नाही हा नसून केव्हा आणि कोणत्या तोंडाने सांगावा, हा आहे. नियम बोलणाऱ्याच्या हाती काठी म्हणून द्यावा. आम्ही तो आजवर छडी म्हणून वापरला.

मुलाखतीच्या संध्याकाळी तिचा दूरध्वनी आला. सुरुवातच इंग्रजीत. तिला शिरेतून सलाईन कशी लावाल, रुग्ण घाबरला तर काय म्हणाल, असे विचारले होते. ते सगळे तिचे हात इंग्रजीच्या आधीपासून जाणत होते. "काका, दे आस्क्ड फॉर ट्वेंटी मिनिट्स," ती म्हणाली, "अँड आय डिड नॉट स्टॉप्ड."

एका ओझ्याला दोन हमाल. वहीचे दुसरे पान आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि जीभ वळवळली, हे कबूल केले पाहिजे. आम्ही म्हटले, "यू डिड नॉट स्टॉप! व्हेरी गुड." तिकडून ती म्हणाली, "येस काका, डिड नॉट स्टॉप." आणि पुढे बोलू लागली.

आठ दिवसांनी तिला नोकरीचे पत्र आले. पहिले सहा महिने बहुतेक रात्रपाळीच आहे, असे वहिनी सांगत होत्या.

लेखणी हाती घेतली की 'आम्ही' म्हणण्याची जुन्या निबंधकारांची खोड आम्हांस लागलेली आहे. त्या 'आम्ही'त ऐकणारा नसतो. अण्णांच्या पत्राच्या समासात लाल शाईने जे लिहिले ते याच 'आम्ही'ने. 'आपण 'फॉर' म्हणतो बरं का अण्णा, आणि आईचा खोकला कसा आहे?' एवढे लिहिता आले असते. त्याला इंग्रजी लागत नव्हते.

वही अजून कपाटात आहे. शेवटची काही पाने कोरी आहेत. अण्णांचे पत्र आम्ही आता तिच्यात ठेवले आहे.